जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसवताना

गिअरबॉक्स बदलायचा ठरला की पहिला हात पान्याकडे जातो. तो जरा थांबवा. जुन्या फोर-बाय-फोर गाडीत इंजिनापासून चाकापर्यंत फिरणाऱ्या भागांची रांग लांबलचक असते. क्लच, मेन गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद नेणारे लांब दांडे), त्यांचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे), दोन डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे). आवाज यांपैकी कुठूनही निघू शकतो आणि चासीच्या लोखंडातून असा पसरतो की सीटवर बसलेल्याला सगळं काही लिव्हरच्या बुडाशीच बिघडलंय असं वाटतं. चांगला गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवायचा आणि गाडी पुन्हा तशीच घरघरायची, असं होऊ नये म्हणून सुरुवात निदानापासून करू.

दोष नक्की कुठे आहे

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावा, इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि क्लचवरून पाय काढा. घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते? मग इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत आणणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्टचं (त्याच्या समांतर फिरणारा आतला दांडा) बेअरिंग झिजलं असण्याचा संभव मोठा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग संशयित. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, बदलावा लागणार नाही.

एकच गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो तेव्हा त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) संपलेली असते. सगळेच गिअर, त्यातही रिव्हर्स, खरखरत असतील तर आधी क्लचकडे बघा, तो पूर्ण सुटत नसेल. गाडी चालताना सगळ्या गिअरमध्ये गुणगुण आणि फक्त थेट गिअरमध्ये (बहुतेक जुन्या गाड्यांत चौथ्यात) शांतता असेल, तर खूण काउंटर शाफ्टकडे जाते, कारण थेट गिअरमध्ये त्या शाफ्टवरून भार जातच नाही. चालता चालता गिअर निसटत असेल तर माउंटिंगचे रबर आणि बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या खोक्याचे) बोल्ट तपासल्याशिवाय गिअरबॉक्सवर आळ घेऊ नका.

फोर-बाय-फोरवाल्यांना एक सोय जास्तीची मिळते. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर ती न्यूट्रलमध्ये टाका. आता गाडी जागची न हलता मेन गिअरबॉक्सचे सगळे गिअर एकेक करून चालवता येतात. आवाज तेव्हाही आला तर दोष मेन गिअरबॉक्सचा. तेव्हा नाही आणि रस्त्यावरच येतो, तर ट्रान्सफर केस, क्रॉस, डिफरन्शियल यांच्याकडे वळा. भार नसल्यामुळे बारीक दोष या चाचणीत लपू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असताना मेन गिअर टाकून ठेवला तरी गाडी अडत नाही, ती उतारावर निघते. म्हणून ओट आधी.

शेवटी तेल काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं ही साधी झीज आहे. लोखंडाचे कपचे किंवा दाताचा तुकडा निघाला, तर निदान झालंच. पिवळी चकाकी म्हणजे सिंक्रोचं पितळ. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय; पाण्यातून गेलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं, आणि श्वासनळी, म्हणजे ब्रीदर पाइप, तुटलेला किंवा तुंबलेला असतो.

आणलेला गिअरबॉक्स जुन्याशी ताडून घ्या

माझ्या मते या कामातला हा सगळ्यांत मोलाचा तास, आणि तोच सगळ्यांत जास्त वेळा वगळला जातो. गाडीचं नाव एक असलं तरी वर्षागणिक गिअरबॉक्स बदललेले असतात. लँड रोव्हरच्या पाच गिअरच्या एलटी ७७ ची जागा १९९४ मध्ये आर ३८० ने घेतली, तेव्हा रिव्हर्सची जागासुद्धा हलली. आधी पहिल्या गिअरच्या डावीकडे असलेला रिव्हर्स उजवीकडे पाचव्याच्या खाली गेला. 'त्याच गाडीचा आहे' एवढ्यावर विसंबू नका.

जुना गिअरबॉक्स खाली आला की दोन्ही शेजारी ठेवा आणि मोजपट्टी व व्हर्नियर घेऊन बसा. इनपुट शाफ्टवरचे दाते मोजा. संख्या सारखी असूनही व्यास वेगळा असू शकतो, म्हणून नवी क्लच प्लेट हातात घेऊन त्या शाफ्टवर सरकवून बघा. ती स्वतःच्या वजनाने घरंगळत जायला हवी, अडखळायला नको आणि लटपटायलाही नको. शाफ्टच्या टोकाचा जो बारीक भाग पायलट बेअरिंगमध्ये शिरतो, त्याचा व्यास आणि लांबी मोजा. बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचं टोक किती बाहेर किंवा आत आहे तेही दोन्हींत सारखं हवं. मग मागची बाजू: आउटपुट शाफ्टचे दाते, ट्रान्सफर केसचे बोल्ट, माउंटिंगच्या जागा, लिव्हरची जागा, स्पीडोमीटरच्या केबलचं तोंड, रिव्हर्स लाइटचा स्विच.

स्पीडोमीटरचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर बहुतेकदा नजरेतून सुटतो. डिफरन्शियलचा रेशो आणि टायरचा आकार यांवरून त्याचे दाते ठरलेले असतात. गाडी तीच, डिफरन्शियल तेच, तर जुन्या गिअरबॉक्सवरचा तो गिअर काढून नव्यात घाला. नाहीतर वेग चुकीचा दिसेल.

आता गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच हाताने चालवून बघा. न्यूट्रलमध्ये इनपुट शाफ्ट फिरवला तर आउटपुटवर जोर येता कामा नये. मग एकेक गिअर टाका, इनपुटवर खडूची खूण करा आणि आउटपुटचा एक फेरा व्हायला इनपुटचे किती फेरे लागतात ते मोजा. थेट गिअरमध्ये एकास एक. चार-पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला बहुधा साडेतीन ते चारच्या आसपास. फिरवताना कुठेही कचकन अडकलं किंवा खडबड जाणवली, तर तो गिअरबॉक्स गाडीखाली न्यायचा नाही. इनपुट शाफ्टचं टोक हाताने थोडं वरखाली हलतं, त्याने घाबरू नका. त्या टोकाला खरा आधार पायलट बेअरिंगचा असतो आणि तो अजून मिळालेला नाही. शाफ्ट आतबाहेर ठळकपणे सरकत असेल तर मात्र विचारायला हवं.

गाडी उभी करणं

इथे जीवाचा प्रश्न आहे. अनेक जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर एक ड्रम असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टला धरून ठेवतो. विलीज जीप आणि जुनी लँड रोव्हर ही त्याची ओळखीची उदाहरणं. अशा गाडीत मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला त्या क्षणी हँडब्रेक संपला. गिअर टाकून ठेवण्याचाही उपयोग संपला. शाफ्ट सोडण्याच्याही आधी, नुसतं एक मागचं चाक जॅकने उचललं तरी डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते.

म्हणून काँक्रीटची सपाट जमीन, जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला पुढून-मागून ओट, आणि गाडीचं वजन जॅकवर कधीच नाही, चासीखाली लावलेल्या भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला बाजूने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून वजन अनेक गाड्यांत १०० किलोच्या घरात जातं. एकट्याने, छातीवर पेलून हे काम करायचं नाही. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळत असेल तर घ्या, आणि गिअरबॉक्स त्याला साखळीने किंवा पट्ट्याने बांधा. उघड्या जॅकवर तो तोल सांभाळत नाही, कारण ट्रान्सफर केस एका बाजूला बाहेर आलेली असते आणि वजन तिकडे झुकतं.

उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. स्टार्टरची जाडी वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेली असते, पाना चासीला टेकला तर ठिणगीच.

तेल काढताना आधी वरचा भरण्याचा प्लग सोडा, मग खालचा. भरण्याचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि खालून तेल काढून टाकलं असेल, तर पुन्हा भरणार कुठून? नव्या गिअरबॉक्सचे दोन्ही प्लगही बाहेर असतानाच एकदा सैल करून घ्या.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टांनी जोडलेल्या चकत्यांवर) आरपार रंगाची खूण करा आणि परत त्याच खुणेवर जोडा. मधला सरकता सांधा निघून आला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत ठेवूनच परत घाला, नाहीतर गाडी थरथरेल. काही शाफ्टांत कंपनीनेच योक मुद्दाम फिरवून बसवलेले असतात, तिथे आपली खूण हाच खरा आधार. उघड्या राहिलेल्या क्रॉसच्या टोप्यांना चिकटपट्टी गुंडाळा; टोपी पडली की आतल्या सुया विखुरतात.

मग लिव्हर, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स आणि फोर-व्हीलच्या दिव्यांच्या वायरी, हँडब्रेकची जोडणी, आडवा येणारा सायलेन्सरचा पाइप. प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधा. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडर पाइप न सोडता तसाच काढून बाजूला बांधून ठेवा. गिअरबॉक्स बाहेर असेपर्यंत क्लचचं पेडल कुणीही दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो. कुणाला माहीत नसेल म्हणून स्टिअरिंगवर कागद चिकटवा.

बहुतेक गाड्यांत इंजिनाचा मागचा आधार गिअरबॉक्सच्या माउंटिंगवरच असतो. तो निघाला की इंजिन मागे कलतं, पंखा रेडिएटरच्या आवरणाला लागतो आणि होज ताणल्या जातात. इंजिनाखाली, मागच्या टोकाजवळ, लाकडाचा ठोकळा मध्ये घालून जॅक लावा आणि तो काम संपेपर्यंत काढू नका.

गिअरबॉक्स कुठून काढायचा हे गाडीवर ठरतं. बऱ्याच गाड्यांत खालचा क्रॉस मेंबर सोडून खाली. जुन्या सिरीज लँड रोव्हरमध्ये सीटचा साचा आणि फरशीचे पत्रे काढून केबिनमधून वर. सुझुकीच्या एसजे गाड्यांमध्ये ट्रान्सफर केस वेगळी, छोट्या शाफ्टने जोडलेली असते, म्हणून मेन गिअरबॉक्स एकटाच उतरतो आणि काम पुष्कळ हलकं होतं. बेल हाउसिंगचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर घेराचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकचे आटे किंवा कास्टिंग फुटतं.

बाहेर आहे तोवर

एवढं उघडल्यावर जुनी क्लच प्लेट परत घालणं मला पटत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनाच्या मागचं ऑइल सील हे एकदमच बदला. यांपैकी एकासाठीही पुन्हा सगळं उतरवावं लागतं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा उष्णतेच्या भेगा असतील तर ते टर्नरकडे पाठवा, तो सांगेल तासून भागेल की बदलावं लागेल.

पायलट बेअरिंग बऱ्याच जुन्या गाड्यांत सच्छिद्र काशाचं बुश असतं. बसवण्याआधी ते इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. तेवढंच तेल त्याला पुढे पुरवायचं असतं. गिअरबॉक्सचं पुढचं आणि मागचं सीलही आताच बदला. ट्रान्सफर केस आणि मेन गिअरबॉक्स यांच्या मधलं सील तर नक्कीच. ते गेलं की एका पेटीतलं तेल दुसरीत जातं. बाहेर थेंबही पडत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. जुन्या गाडीत ट्रान्सफरचं तेल वाढलेलं आणि गिअरबॉक्सचं कमी झालेलं दिसलं असेल, तर कारण बहुधा हेच.

क्लच प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' लिहिलेलं असतं, ती बाजू पाळा. मध्य साधण्यासाठी अलाइनमेंटचा दांडा वापरा. तो नसेल तर त्याच मापाचा जुना इनपुट शाफ्ट उत्तम चालतो. दांडा जागी ठेवूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, टॉर्क पान्याने आवळा. शेवटी दांडा हाताने सहज निघून परत सहज आत गेला पाहिजे. नाही गेला तर बोल्ट सैल करून पुन्हा.

बेल हाउसिंगच्या पृष्ठभागावरून जुना रंग, गंज, पॅकिंगचे अवशेष खरवडून काढा. आणि दोन डॉवेल पिना शोधा. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवण्याचं काम त्या करतात, बोल्ट नव्हे. एखादी जुन्या बेल हाउसिंगमध्ये अडकून गेलेली असते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. पिनेशिवाय जोडलेला गिअरबॉक्स केसभर वाकडा बसतो, पायलट बुश खातो, क्लच थरथरवतो आणि थोड्याच दिवसांत गिअर निसटू लागतात.

जोडणी

इनपुट शाफ्टच्या दात्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून टाका. उरलेलं ग्रीस फिरताना प्लेटवर उडतं. रिलीज बेअरिंग आणि त्याचा फोर्क नीट अडकलाय ना ते बघा. मेन गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये टाका, ट्रान्सफर केस हाय किंवा लोमध्ये. न्यूट्रलमध्ये नको, कारण दाते जुळवण्यासाठी आपल्याला मागचा फ्लँज हाताने फिरवायचा आहे आणि ती फिरकी पुढच्या शाफ्टपर्यंत पोचली पाहिजे.

बेल हाउसिंगच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापा, टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच पाडा आणि इंजिनाच्या दोन वरच्या भोकांत लावा. गिअरबॉक्स या दोन दांड्यांवर सरकत येतो आणि त्याचं वजन शाफ्टवर लटकत नाही. क्षणभरही लटकू द्यायचं नाही, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच कधीच नीट सुटत नाही.

आता इंजिनाचा कल आणि गिअरबॉक्सचा कल एक करा. बेल हाउसिंग आणि ब्लॉक यांच्यातली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. जॅक बोटभर वर, बोटभर खाली, आणि एकाने मागचा फ्लँज हळूहळू फिरवत राहायचं. दाते जुळले की गिअरबॉक्स पुढे सरकतो. बहुतेकदा तो शेवटच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर अडतो. तिथे शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या तोंडाशी आलेलं असतं.

या जागी घाई होते. माणूस थकलेला असतो, फट जेमतेम उरलेली असते, आणि बोल्ट घालून आवळले की ती मिटेल असं वाटतं. मिटतेही. पण त्या ओढीने पायलट बुश चेपतं, प्लेटचा मध्य वाकतो, क्वचित बेल हाउसिंगचा कान तुटतो. बोल्टाने गिअरबॉक्स ओढायचा नाही, हा नियम कुठल्याही गाडीला लागू आहे. हाताच्या जोराने दोन्ही तोंडं एकमेकांना टेकली पाहिजेत, बोल्ट त्यानंतर. अडला तर फट पुन्हा तपासा, कल तपासा, फ्लँज फिरवा, गिअरबॉक्स बाजूने हलकेच डोलवा. तरीही नाही, तर मागे घ्या आणि क्लच प्लेटचा मध्य पुन्हा साधा. मागे घेण्यात अर्धा तास जातो, चेपलेलं बुश काढायला सगळं काम पहिल्यापासून.

तोंडं टेकल्यावर बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. मग गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिनाच्या पुढच्या बोल्टाला पाना लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं तर स्टार्टर मारू नका, काहीतरी दाबलं गेलंय.

बाकीचं उलट क्रमाने. इंजिनाखालचा जॅक माउंटिंग आणि क्रॉस मेंबर जागी बसल्यावरच काढा. प्रोपेलर शाफ्टला नवे नायलॉकचे नट वापरा. आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी विसरू नका. ती राहिली तर स्टार्टरचा सगळा प्रवाह हँडब्रेकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

तेल आणि पहिली फेरी

तेल कुठलं, हे मॅन्युअल सांगेल तेच. अनेक जुन्या गिअरबॉक्सांना जीएल-४ प्रतीचं तेल लागतं. डिफरन्शियलसाठी आणलेलं जीएल-५ उरलंय म्हणून तेच ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं काही गिअरबॉक्सांतल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. काही गिअरबॉक्सांना तर ऑटोमॅटिकचं पातळ तेल चालतं, त्यांत जाड तेल घातलं की थंड असताना गिअर पडत नाहीत. गाडी सपाटीवर असताना भरण्याच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरा. ट्रान्सफर केसचं तेल वेगळं भरायचं असतं.

क्लचचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) लावा, पाइप सोडला असेल तर हवा काढा. इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं ऐका, क्लच दाबून ऐका, मग एकेक गिअर. हे सगळं गाडी चारही चाकांवर जमिनीवर ठेवून, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये घेऊन करा. फक्त मागची चाकं उचलून गिअर टाकणं फोर-बाय-फोरमध्ये धोक्याचं आहे. फोर-व्हील लागलेली असेल किंवा मधलं डिफरन्शियल लॉक असेल, तर जमिनीवरची पुढची चाकं गाडीला घोड्यांवरून ओढून नेतात.

पहिली फेरी हळू, टू-व्हीलमध्ये, सगळे गिअर वर आणि खाली. प्रत्येक गिअरमध्ये एकदा अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडून बघा, गिअर निसटतो का. फोर-व्हील आणि लो रेंज मात्र माती, वाळू किंवा खडीवरच तपासा. पार्ट-टाइम गाडीत (जिथे फोर-व्हील गरजेपुरतीच लावतात) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात; कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांना कापावं लागणारं अंतर वेगळं असतं, तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि नव्याने बसवलेल्या गिअरवर येतो.

परतल्यावर गाडी गरम असतानाच खाली वाकून सीलांच्या कडा, ड्रेन प्लग आणि बेल हाउसिंगचा तळ बोटाने चाचपून घ्या. १००-२०० किलोमीटर झाले की प्रोपेलर शाफ्टचे, माउंटिंगचे आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा, दोन्ही पेट्यांची तेलाची पातळी बघा. दुरुस्त करून आणलेला गिअरबॉक्स असेल तर हजारेक किलोमीटरवर तेल एकदा बदलून चुंबक पुसून घ्या. नव्या रिंगांची सुरुवातीची झीज त्या तेलात उतरलेली असते.